पश्चिमेच्या भिंतीला आलेले पोट

११ डिसेंबर

पुढील वर्षीच्या बाह्य डागडुजीचा आराखडा आज हाती घेतला. हे काम मी दर डिसेंबरात करतो आणि वर्ष सरण्यापूर्वी पुरे करतो. बहुतेक लोक घर आतून राखतात, कारण पाहुणे आत बसतात. ऊन, पाऊस आणि वारा यांना मात्र कोणी आत बसवत नाही, आणि तेच खरे मुक्कामी असतात. घर बाहेरून मरते. हे वाक्य मला चांगले साधले असे वाटले, म्हणून हिला वाचून दाखवले.

"आणि माणसं आतून," ही म्हणाली. "चहा गार होतोय."

उत्तरेच्या पन्हळीत पाने कुजली आहेत. ती फेब्रुवारीत उपसावी. पूर्वेच्या खिडक्यांच्या चौकटींना मार्चमध्ये रंगाचे दोन हात द्यावेत. दक्षिणेकडे छज्ज्याखाली रंगाचे पोपडे सुटले आहेत. येथवर सर्व अपेक्षेप्रमाणे होते. शेवटी फाटकापाशी उभा राहून पश्चिमेची भिंत पाहिली आणि जागीच थांबलो. खिडकी आणि कोपरा यांच्या मधोमध भिंतीला पोट आले आहे. गेल्या वर्षी ते नव्हते.

मी उभे आयुष्य अभियांत्रिकी आरेखन शिकवले. डावा डोळा मिटायचा, उजवा रेषेच्या टोकाशी आणायचा आणि रेषेवरून नजर सोडायची. केसाएवढा बाक असला तरी दिसतो. या एका सवयीवर मी मुलांच्या पिढ्या पास आणि नापास केल्या. तेव्हा भिंतीविषयी माझी चूक होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

१३ डिसेंबर

भिंत सकाळी, दुपारी आणि सूर्यास्तापूर्वी पाहिली. फुगवटा स्थिर नाही. सकाळी तो खिडकीलगत होता, दुपारी कोपऱ्याकडे सरकला. विशेष म्हणजे ज्या ठिकाणी मी नेमकी नजर रोखतो, त्याच ठिकाणी तो सर्वाधिक जाणवतो. उन्हाने गिलावा प्रसरण पावत असावा. प्रशिक्षित निरीक्षकालाच दिसेल अशी ही गोष्ट आहे.

हिला फाटकापर्यंत नेऊन भिंत दाखवली.

"मला तर सरळ दिसतेय."

"सरळ म्हणजे काय हे ठाऊक नसले की सगळेच सरळ दिसते."

"इतकी वर्षं तुमच्याशी सरळ वागले, त्यात विसरले असेन." मग म्हणाली, "अहो, तुमच्या त्या आराखड्यात डोळ्यांची तपासणी पण लिहा. गेल्या वर्षी राहिली ती राहिलीच."

"हा घराच्या बाहेरच्या बाजूचा आराखडा आहे."

"मग डोळे काय आतल्या बाजूला असतात?"

तिच्या विनोदबुद्धीला मी कधीच कमी लेखले नाही. तपासणी मात्र लिहिली नाही. वर्गवारी एकदा मोडली की आराखड्याची भाजीची पिशवी होते.

१६ डिसेंबर

वृत्तपत्राच्या छपाईचा दर्जा शोचनीय झाला आहे. शब्दाची पहिली आणि शेवटची अक्षरे ठीक उमटतात, मधली जणू कोणी बोटाने पुसली आहेत. संपादकांना तसे कळवले. नव्या किटलीची चोचही सदोष निघाली. चहा कपाऐवजी बशीत पडतो. हिने टेबल पुसले आणि तेव्हापासून चहा ती स्वतःच ओतते. मदत आणि टीका एकाच हाताने करण्याची कला तिला साधली आहे.

भिंतीची चिंता वाढते आहे. पोट आलेली भिंत पुढच्या पावसात पाणी धरेल, पाणी विटांत जाईल, आणि छज्ज्याचा भार तिच्यावर आहे. आज मनात पुन्हा पुन्हा छज्जा खाली येत राहिला.

१९ डिसेंबर

मिस्त्री आला. चुणचुणीत आहे, बोलतो फार. फाटकापाशी उभा करून त्याला भिंत दाखवली.

"कुठं म्हणता साहेब?"

"खिडकीच्या उजवीकडे."

"खिडकीच्या... हां." तो पुढे गेला, मागे आला, मान तिरकी केली, माझ्या तोंडाकडे पाहिले. "हां हां, आहे की. पोट आहे थोडं. तुम्ही एवढे शिकलेले, उगाच कशाला म्हणाल?"

कित्येक दिवसांत भेटलेला हा पहिला समंजस मनुष्य.

"ओळंबा लावून बघा ना आधी," खिडकीतून हिचा आवाज आला.

मिस्त्रीने नाखुशीने शिडीवर चढून छज्ज्याला ओळंबा टांगला. दोरी भिंतीपासून वर आणि खाली सारख्याच अंतरावर आहे असे ही वरून ओरडून सांगू लागली. मी डावा डोळा मिटून पाहिले. दोरी भिंतीला समांतर होती हे खरे. परंतु जेथे भिंत बाहेर आली होती, तेथे दोरीही बाहेर आली होती.

मिस्त्रीची दोरी हलक्या प्रतीची आहे. वाऱ्याने हलत असावी.

ओळंब्याची दोरी वाकत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या तासाला सांगत असे. वारा नव्हता.

वरील दोन वाक्ये खोडण्याचा विचार होता. राहू देतो. वारा असावा.

२० डिसेंबर

आज जेवताना हिचा टोमणा: "भिंत वाकडी, दोरी वाकडी. आता अंगणही वाकडं म्हणा, म्हणजे म्हण पुरी होईल."

अंगणातील फरश्यांच्या सांध्यांच्या रेषा गेल्या काही दिवसांपासून लाटांसारख्या दिसतात, हे मी तिला सांगितले नाही.

२२ डिसेंबर

लेक अचानक आली. रविवार नव्हता, वाढदिवस नव्हता. आल्या आल्या माझ्यापाशी बसली. अशी सुरुवात मी ओळखतो.

"बाबा, एवढा मेसेज वाचून दाखवा ना. माझा चष्मा घरी राहिलाय."

तिला चष्मा कधी लागला, हे मला कोणी कळवले नव्हते. फोन घेतला. अक्षरे बारीक होती आणि पडद्यावर ऊन होते. काही शब्द अडखळले. तिने फोन परत घेतला आणि विनाकारण माझ्या हातावर थोपटले. माझ्या हातावर कोणी थोपटावे असे माझे वय झालेले नाही.

नंतर दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मला ऐकू उत्तम येते.

"आई, आता वाट नको बघू."

"मी बघतेय का वाट? त्यांनी ऐकायला नको?"

"पण जे गेलं ते गेलं मग. परत येत नाही."

"हळू बोल. भिंतीला कान असतात."

"असू दे. नाहीतरी सध्या भिंतीचंच चाललंय ना?" आणि दोघी हसल्या. हसणे फार लवकर थांबले.

मला अर्थ लागला. घर विकण्याचा विचार चालू आहे. भाव आज आहे तो उद्या राहणार नाही, गेलेली संधी परत येणार नाही, असा तो संवाद होता. जिने चढण्याचा कंटाळा, डागडुजीचा कंटाळा. कुठल्या तरी इमारतीत तीन खोल्या घ्यायच्या, जेथे बाहेरची बाजू कोणाचीच नसते. अशा वेळी पोट आलेली भिंत म्हणजे त्यांच्या हाती आयते कारण. मिस्त्रीला निरोप धाडला: सत्तावीस तारखेला गिलावा तोडायला घ्या.

२४ डिसेंबर

मनात ठेवून जगणे मला जमत नाही. सकाळी सरळ विचारले.

"घर विकायचे असेल तर तसे सांग. आडून आडून नको."

हिच्या हातातला चमचा थांबला. "कोण विकतंय घर?"

"मी सगळे ऐकले आहे."

तिने मान वर केली. तिचा चेहरा मला नीट वाचता आला नाही, पूर्वी यायचा. "सगळं ऐकलंत," ती म्हणाली, "आणि एवढंच कळलं? अहो, मी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. सत्तावीस तारखेची."

"त्या दिवशी मिस्त्री येणार आहे."

"भिंत काय पळून जाणार आहे?"

"मग डोळे पळून जाणार आहेत?"

ती उठून आत गेली. माझे उत्तर बिनतोड होते. तरी दिवसभर बिनतोड उत्तर दिल्याचे समाधान काही लाभले नाही.

२७ डिसेंबर

तोडकाम झाले. इतका आवाज या घराने कधी ऐकला नसेल. तरी फाटकापासून हललो नाही. ठरल्या जागचा गिलावा उतरला. आतल्या विटा कोरड्या, सांधे पक्के, ओल नाही, कीड नाही.

"साहेब, भिंत एकदम ठणठणीत आहे बघा," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद कमी होता.

"कोपऱ्यापर्यंत तोड."

"कोपऱ्यापर्यंत?" त्याने घाम पुसला. "आपलं काय, तोडू की. पण सापडायचं काय आहे, ते तरी सांगा."

मी सांगितले ते तांत्रिक होते आणि त्याला कळले नाही. खरे तर मलाही ते बोलताना कळत नव्हते.

ही दिवसभर बाहेर आली नाही. एकदाच वरच्या खिडकीत उभी दिसली. म्हणजे केस दिसले, साडीचा रंग दिसला, मध्ये चेहऱ्याच्या जागी काचेवर धुके धरल्यासारखे. खिडकीच्या काचा धुळीने माखल्या आहेत. आराखड्यात काचांची नोंद घातली.

२८ डिसेंबर

काल ती खिडकी उघडी होती. आज मिस्त्री खाली राडारोडा उचलत असताना लक्षात आले की तिची बिजागरी मीच मागे बदलून घेतली होती. झडप बाहेरच्या बाजूला उघडते आणि काल ती भिंतीला टेकलेली होती. तेथे काच नव्हती.

याचा विचार करीत मी भिंतीजवळ गेलो, आणि एव्हाना शिडीवर चढलेल्या मिस्त्रीने वरून खरवडलेला चुरा सरळ माझ्या उजव्या डोळ्यात आला. डोळा चोळू नये एवढी अक्कल होती. पाण्याने धुतला, रुमाल बांधला आणि पायरीवर बसून राहिलो.

ओळंबा अजून छज्ज्याला टांगलेला होता. समोर होता म्हणून पाहिला, इतकेच.

दोरी सरळ होती.

तिच्यामागे भिंत सरळ होती. उघड्या विटांचे थर एकावर एक, मी स्वतः काढावेत असे. अंगणाच्या फरश्या शेवटपर्यंत सरळ. फाटकाचे गज सरळ. रुमाल वर केला, उजवा डोळा पाण्याने भरलेला तसाच उघडला आणि डावा मिटला. दोरीने पोट काढले. नजर गजांवर नेली, गजांनी पोट काढले. जिथे पाहावे तिथे. आणि पोटाच्या मधोमध एक राखाडी बोट टेकल्यासारखा डाग, ज्याला मी इतके दिवस शाई, धूळ आणि ऊन म्हणत आलो.

आयुष्यभर मी डावा मिटला आणि उजव्यावर भिस्त ठेवली. डाव्याला कधी काही विचारलेच नाही.

"साहेब, पाणी आणू का?" मिस्त्री म्हणाला. "चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

मी आत गेलो. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. काय म्हणायचे ते वाटेत रचले होते. एकही वाक्य वेळेवर आले नाही.

"ती वेळ," मी म्हणालो, "रद्द केलीस ना तू?"

"नाही." तिने वर पाहिले नाही. "ढकलली. उद्यावर. उद्या नसतात आलात तर परवावर ढकलली असती. तिथली ती फोनवरची मुलगी आता मला आवाजावरून ओळखते."

२९ डिसेंबर

डॉक्टर वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा होत्या. त्यांनी माझ्यासमोर एक कार्ड धरले: चौकोनांची जाळी, मध्ये ठिपका. जाळीच्या एका रेषेची जाडी किंचित कमी आहे हे मी त्यांना सांगितले. डाव्या डोळ्याने. मग त्यांनी डावा झाकायला सांगितले.

कधी कधी परीक्षार्थी कोरा कागद समोर ठेवून पर्यवेक्षकाकडे पाहतो. त्या पाहण्याला मी नेहमी आळस समजत आलो.

"डोळ्याच्या पडद्यामागे गळती होतेय," डॉक्टर म्हणाल्या. "पाणी साचून पडद्याला मधोमध फुगवटा आलाय. त्यामुळे सरळ गोष्टी वाकड्या दिसतात. केव्हापासून जाणवतंय?"

"अकरा डिसेंबर," मी म्हणालो.

"ऑक्टोबर," ही म्हणाली. "किल्ली कुलपाला न लागता दाराला लागत होती. मी दिवा मोठा लावून घेतला, चहा मी ओतायला लागले. पण यांच्या हातातलं काही काढून घेतलं की यांना वाटतं आपल्याला नापास केलं."

डॉक्टरांनी हे लिहून घेतले. इंजेक्शने डोळ्यात द्यावी लागतील. गळती थांबेल असा त्यांना भरवसा आहे. जितके गेले तितके सगळे परत येईल याचा भरवसा नाही. दोन महिने आधी आला असतात तर, असे त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "आता आलात ना." हे उत्तर नव्हते. ते कार्ड त्यांनी मला दिले. रोज सकाळी एक एक डोळा झाकून पाहायचे. आता राखायचा तो डावा. तो कधी बिघडेल, बिघडेल की नाही, कोणी सांगू शकत नाही. त्यात काही हलले, वाकले, पुसले तर त्याच दिवशी यायचे. दुसऱ्या दिवशी नाही.

१२ जानेवारी

पहिले इंजेक्शन झाले. त्याविषयी लिहिण्याची इच्छा नाही. एवढेच की सुई येताना दिसत नाही, आणि हिचा हात मी इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उमटला. तो मात्र उत्तम दिसत होता.

आज मिस्त्रीने नवा गिलावा चढवला. संध्याकाळी हात झटकत म्हणाला, "घ्या साहेब, आरशासारखी केलीय. बघून घ्या."

मी फाटकापाशी गेलो. सवयीने डावा डोळा मिटला. मग उघडला. मग उजवा मिटून पाहायचा प्रयत्न केला, तर पापणी ऐकेना. इतक्या वर्षांत तिला ते कधी करावे लागले नव्हते. मिस्त्री माझ्या चेहऱ्याची ही कसरत पाहत उभा. शेवटी मी हिला बोलावले.

ही कणकेच्या हातानेच बाहेर आली. माझ्या जागी उभी राहिली, कमरेवर कोपर टेकवले आणि मी पाहतो तसे एक डोळा मिटून पाहिले. माझी नक्कल होती, पण थट्टा नव्हती.

"कोपऱ्याकडे खाली पोट आहे," ती म्हणाली.

"कुठं बाई? काहीतरीच," मिस्त्री म्हणाला. "साहेबांना विचारा."

"साहेबांनी मला विचारलंय. लाव ओळंबा."

ओळंबा लावला. खालच्या बाजूला दोरी गिलाव्याला टेकली. मिस्त्रीने थापी उचलली.

मला आनंद व्हायला हवा होता. प्रथम झाला तो मत्सर, आणि तो चांगला घटकाभर टिकला. ती सहज पाहते. इतकी वर्षे सहज पाहत होती, आणि ते मी अज्ञान समजत होतो. जेवताना आराखडा तिच्यापुढे सरकवला. छज्जा, चौकटी, पन्हळ, सगळे या वर्षी तिने पाहायचे आणि मी लिहायचे, असे सुचवले.

"पगार काय?" तिने विचारले. आणि मग, आराखड्यावर बोट ठेवून, "डोळे कुठल्या महिन्यात घातलेत?"

"दर महिन्यात," मी म्हणालो.

५ फेब्रुवारी

पन्हळ उपसायची म्हणून सकाळी लवकर उठलो. त्यापूर्वी कार्ड. खिडकीपाशी उभे राहून ते डोळ्यांसमोर धरण्याला मी महिनाभरात सरावलो आहे, असे लोकांना सांगतो. वस्तुतः रोज उजवा डोळा झाकण्यापूर्वी कार्ड दोनदा पुसतो, आणि जाळी सरळ दिसली की दिवसापुरता सुटतो.

आज उजव्या डोळ्यात डाग थोडा लहान वाटला. मग उजवा झाकला. जाळी सरळ होती. ठिपका स्वच्छ होता. डावीकडची एक उभी रेषा, तळाशी, एका चौकोनाच्या अंतरापुरती, थरथरली असे वाटले. पुन्हा पाहिले; सरळ होती. पुन्हा पाहिले. माझा हात हलला असेल. कार्डाचा कागद ओलाव्याने उचलला असेल. बाहेर मिस्त्री शिडी लावत होता; तिच्या आवाजाने दचकलो असेन. अशी कारणे मला अद्यापही झरझर सुचतात आणि त्यातले एकेक कारण तर्कशुद्ध असते. खात्री होण्यासाठी संध्याकाळच्या प्रकाशात पुन्हा पाहावे, उद्या सकाळी ताडून घ्यावे, आणि मगच कोणाला सांगावे, हेच कोणत्याही शिस्तबद्ध निरीक्षकाने केले असते.

मी हिला हाक मारली.

ती आली. कार्ड माझ्या हातात होते आणि उजव्या डोळ्यावर तळवा तसाच. "एका रेषेविषयी मला खात्री नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी यापूर्वी कोणासमोर उच्चारले असेल असे आठवत नाही.

कोणती रेषा, केवढी, खरेच का, असे तिने काही विचारले नाही. मिस्त्रीला खिडकीतून सांगितले, "आज पन्हळ राहू दे," आणि चपला घालायला गेली.